रंगांचे हिस्से

शाळेच्या दप्तरात हजेरीपटाला, जनरल रजिस्टराला आणि जडवस्तूसंग्रहाच्या नोंदवहीला जो मान असतो तो चिकटवहीच्या वाट्यास सहसा येत नाही. तपासणीच्या दिवशी ती कपाटाच्या वरच्या फळीवरून खाली येते, पाहुण्यांसमोर एकदा उघडली जाते आणि पुन्हा फळीवर जाते. तथापि एखाद्या गावाने एखादे वर्ष कसे काढले, त्या वर्षी पाऊस केव्हा आला, कोणते पीक साधले, मुले कोणत्या सहलीस गेली आणि कोणाच्या हस्ते बक्षिसे वाटली गेली, हे पुढील काळी कोणास जाणून घ्यावयाचे झाले, तर त्याने बाकीचे दप्तर बाजूस सारून प्रथम चिकटवहीच हाती घ्यावी, असे माझे मत आहे. आखाडा बाळापूर येथील एका विद्यालयात कलाशिक्षक म्हणून मी रुजू झालो तेव्हापासून सेवानिवृत्त होईपर्यंत त्या विद्यालयाची वार्षिक चिकटवही मुलांकडून करवून घेण्याचे काम माझ्याकडे होते. आणि त्या कामातील ज्या अंगाने माझे चित्त सर्वाधिक वेधले ते म्हणजे, काहीही चिकटविण्यापूर्वी पानाचे सपाट, निर्भेळ रंगांच्या मोठमोठ्या खंडांत विभाजन करणे. संकल्पचित्रकार यास ‘कलर ब्लॉकिंग’ म्हणतात. आमची मुले त्यास ‘घरं पाडणं’ म्हणत, आणि वर्गात तेच नाव चालत असे.

बाळापूर हे नांदेडहून हिंगोलीस जाणाऱ्या रस्त्यावरचे, कळमनुरी तालुक्यातील बाजाराचे गाव असल्यामुळे तेथे वस्तूंची वाण कधीच नव्हती. चिकटवहीचे काम निघाल्याची वार्ता वर्गात पसरताच मुलांच्या पिशव्यांतून लग्नपत्रिका, एस. टी.ची तिकिटे, कापसाच्या बियाण्याची रिकामी पाकिटे, आगपेट्यांवरील चित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, यात्रेत काढून घेतलेली छायाचित्रे, मोरपिसे, पिंपळाची जाळीदार पाने असा नाना प्रकारचा ऐवज टेबलावर येऊन पडे. यातील प्रत्येक वस्तू आपला स्वतंत्र रंग घेऊन येते, आणि तो रंग तिच्या मूळ जागी कितीही शोभणारा असला तरी शेजारच्या वस्तूशी त्याचे काही देणेघेणे नसते: लग्नपत्रिकेचा गडद गुलाबी मांडवात बरा दिसतो, बियाण्याच्या पाकिटावरील हिरवा दुकानाच्या फळीवर डोळ्यांत भरावा म्हणूनच छापलेला असतो, आणि कात्रणाचा कागद तर काही महिन्यांतच पिवळा पडू लागतो. ही सारी मंडळी एका पांढऱ्या पानावर दाटीवाटीने बसविली म्हणजे पाहणाऱ्याची दृष्टी कोठेच ठरत नाही. मुलांचा स्वाभाविक कल जेथे जागा दिसेल तेथे वस्तू चिकटविण्याकडे, आणि तरीही जागा उरलीच तर तीत स्केचपेनने फुले व चांदण्या काढण्याकडे असतो. त्यात त्यांचा उत्साह दिसतो, पण ज्या वस्तूसाठी पान घेतले ती वस्तूच त्यात हरवते.

रंगखंडाकडून मी जे काम घेत असे ते मुख्यत्वे बंदोबस्ताचे होते. पानावर दोन मोठी रंगक्षेत्रे आणि त्यांच्या मानाने एक लहान क्षेत्र अशी वाटणी झाली की दृष्टीस प्रथम ती क्षेत्रेच दिसतात, त्यांच्या हद्दी कळतात, आणि नंतर दृष्टी एकेका क्षेत्रातील वस्तूकडे क्रमाने जाते. दहा वस्तूंचा गोंधळ डोळ्यास सोसवत नाही. तीन जागांमध्ये विभागलेल्या दहा वस्तू मात्र तो सहज पत्करतो. यासाठी रंग सपाट हवा. छटा उतरत गेलेला, ठिपक्यांचा किंवा वेलबुट्टीचा कागद स्वतःच पाहण्याची वस्तू होऊन बसतो व आपल्यावर ठेवलेल्या छायाचित्राशी स्पर्धा करू लागतो. म्हणून ज्याला दुकानदार ग्लेझ पेपर म्हणतात तो एका बाजूने रंगविलेला घोटीव कागद हेच आमचे मुख्य साहित्य होते. तो बाळापुरातच मिळे. जाड कार्डशीट किंवा एखादा न मिळणारा रंग हवा असला तर नांदेडला जाणाऱ्या कोणाकडून तरी मागवून घ्यावा लागे.

रंग कोणता घ्यावयाचा, हा प्रश्न मुले पहिल्या दिवशी विचारीत, आणि तो त्यांनी मला विचारू नये, टेबलावरच्या वस्तूस विचारावा, असे माझे सांगणे असे. पानावर येणाऱ्या सर्व वस्तू आधी टेबलावर मांडावयाच्या, त्यांतील मुख्य कोणती ते ठरवावयाचे, आणि मग एक जुने पोस्टकार्ड घेऊन त्याच्या मध्यभागी बोटाच्या पेराएवढे चौकोनी भोक पाडून ते त्या मुख्य वस्तूवरून, बहुधा एखाद्या छायाचित्रावरून, सावकाश सरकवीत न्यावयाचे. भोकातून एका वेळी एकच तुकडा दिसतो आणि भोवतालचे सारे झाकले जाते. त्यामुळे एरव्ही मुलगा ज्याला ‘आभाळ’ किंवा ‘माती’ म्हणून सोडून देतो, तो रंग त्याला प्रथमच रंग म्हणून दिसतो. सहलीच्या एका छायाचित्रात आभाळ निळे आहे असे सर्व वर्गाचे एकमत असताना एका मुलीने पोस्टकार्ड सरकवून ते जवळजवळ राखी असल्याचे दाखवून दिले आणि निळा रंग वस्तुतः एका मुलाच्या सदऱ्याच्या सावलीत आहे हेही दाखविले, तेव्हा त्या पानाचा मोठा खंड राखी झाला व निळा लहान झाला. ते पान आजही मला अतिशय समाधान देते. रंग असा वस्तूतून काढून घेतला म्हणजे खंड आणि वस्तू यांचे नाते जुळविण्यासाठी वेगळा खटाटोप करावा लागत नाही.

परंतु रंगाच्या निवडीपेक्षा त्याच्या हिश्श्याचा प्रश्न मला नेहमी अधिक महत्त्वाचा वाटत आला आहे. पान मध्यावर दुमडून दोन समान भाग करावेत, अथवा उभ्या तीन सारख्या पट्ट्या आखाव्यात, ही पहिली कल्पना बहुतेक मुलांच्या मनात येते, आणि तिचे मूळ मी समजू शकतो. 22 जुलै 1947 रोजी संविधान सभेने स्वीकारलेला आपला राष्ट्रध्वज प्रत्येक मुलाने रंगविलेला असतो. त्यात तिन्ही पट्टे समान आहेत, कारण त्यांतील कोणासही दुसऱ्याहून कमी लेखावयाचे नाही. चिकटवहीच्या पानाचे प्रयोजन निराळे आहे. तेथे एक वस्तू मुख्य आणि बाकीच्या तिच्या सोबतीस आलेल्या असतात, त्यामुळे रंगांच्या हिश्श्यातही तीच श्रेणी दिसली पाहिजे.

हे असमान वाटप मुलांस शिकविण्यासाठी मला बाहेरचे दाखले क्वचितच द्यावे लागले. आमच्या भागातील जुन्या बायकांच्या अंगावर असणारे इरकल लुगडे घ्या. त्याचे अंग काळसर, गडद निळे, हिरवे किंवा डाळिंबी, म्हणजे दुरून जवळजवळ एकच सपाट गडद क्षेत्र. काठ निराळ्या रंगाचे. आणि पदर लाल, त्यात पांढरे पट्टे. अंगाचा आणि पदराचा ताणा वेगवेगळा असून तो फासे अडकवून जोडतात, त्यामुळे लाल रंग अंगात मिसळत नाही, हद्दीवर येऊन स्वच्छ थांबतो. गडद रंगाचे क्षेत्र विस्तीर्ण आणि तेजस्वी रंगाचे मोजके, हा जो नियम कलाशाळेत अनेक सराव करून अंगवळणी पाडावा लागतो, तो मुलांच्या आज्यांच्या खांद्यावरून रोज लोंबत होता. तसेच घरांच्या भिंतींचे. वर चुना, त्यात थोडी नीळ, आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत गेरूचा पट्टा. तो पट्टा पावसाच्या शिंतोड्यांचे डाग झाकण्यासाठी असतो हे खरे, परंतु त्यामुळेच सबंध भिंत जमिनीवर भक्कम बसल्यासारखी दिसते. मुलांना मी वर्गाबाहेर काढून गल्लीत नेई आणि भिंतीच्या उंचीचा कितवा भाग गेरूने घेतला आहे ते काठीने मोजावयास लावी. परत आल्यावर त्यांच्या पानावरील समान पट्ट्या आपोआप नाहीशा होत.

योहानेस इटेन या स्विस कलाशिक्षकाने 1961 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या रंगविषयक ग्रंथात या हिश्श्यांचे अंकही दिले आहेत. रंगांच्या तेजस्वितेचे जे प्रमाण तो गोएटेचे म्हणून देतो, पिवळ्यास 9, नारिंगीस 8, तांबड्यास व हिरव्यास 6, निळ्यास 4 आणि जांभळ्यास 3, त्याच्या व्यस्त प्रमाणात क्षेत्रे दिली असता रंग परस्परांशी समतोल राहतात, असे त्याचे प्रतिपादन. म्हणजे पिवळा एक भाग घेतला तर जांभळा तीन भाग, नारिंगी एक तर निळा दोन, आणि तांबडा व हिरवा समसमान. हे अंक शास्त्रवचनाप्रमाणे पाळावेत असे मी म्हणत नाही. प्रत्यक्षात दुकानचा जांभळा कागद कधी काळपट तर कधी गुलाबी असतो आणि त्याबरोबर प्रमाणही बदलते. परंतु मुलाच्या हातात धरून पाहण्यासारखा आधार म्हणून ते मला फार उपयोगी पडले, आणि त्यांचा उत्तम प्रत्यय आला तो हळदीच्या पानाच्या वेळी.

हिंगोली, वसमत, कळमनुरी या टापूत हळद हे केवळ पीक राहिलेले नाही. मुलांची फी, बहिणीचे लग्न, घरावरचे पत्रे यांचा हिशेब तिच्यावर चालतो. तेव्हा चिकटवहीत हळदीचे पान असावे, हा मुलांचाच आग्रह होता. त्यांनी जमविलेले साहित्य असे: हळद शिजविण्याच्या कढईचे, वाफेने अर्धे झाकलेले एक छायाचित्र, वसमतच्या बाजारातील भावाचे कात्रण, वाळलेले पान, आणि पातळ चकत्या केलेले हळकुंड. हळदीचे पान म्हणजे पिवळेच असले पाहिजे, असे गृहीत धरून त्यांनी पाव इंपीरियल आकाराच्या, म्हणजे 15 × 11 इंचांच्या, सबंध कागदावर पिवळाधमक घोटीव कागद पसरला आणि त्यावर वस्तू ठेवून पाहिल्या. तेव्हा एक विलक्षण गोष्ट घडली. पिवळ्या रंगाच्या त्या पानावर खरे हळकुंडच फिकट, मळकट दिसू लागले. कारखान्यात रंगविलेल्या पिवळ्याच्या तेजापुढे शेतातला पिवळा टिकेना. छायाचित्रातील वाफही पिवळ्यात विरून गेली. मुले खिन्न झाली. मग मी त्यांना पान आडवे धरून मनातल्या मनात चार सारख्या उभ्या भागांत वाटावयास सांगितले, आणि तीन भागांवर गडद जांभळा कागद सरकविला. हळकुंडाच्या चकत्या त्या जांभळ्यावर ठेवताच त्या जणू आतून उजळल्या. वाफेचा पांढरा धूसरपणा मोकळा झाला. उरलेला पिवळा चौथा भाग आम्ही अक्षरांसाठी राखला, कारण पिवळ्यावर काळे अक्षर जितक्या दुरून वाचता येते तितके फार थोड्या जोड्यांत येते. कात्रणाखाली चारी बाजूंनी दोन सूत दिसेल असे पांढरे कार्ड घालून ते दोन्ही रंगांच्या हद्दीवर, थोडे इकडे थोडे तिकडे, असे बसविले. त्यामुळे दोन खंड एकमेकांस बांधले गेले. या शेवटच्या युक्तीला मी फार मोल देतो. सर्व वस्तू आपापल्या खंडात कोंडून ठेवल्या तर पान तुटक वाटते, आणि एकच वस्तू हद्द ओलांडून गेली तर सबंध पान एका कुटुंबाचे होते.

हळकुंडाचे हे जे झाले, त्याचे कारण फ्रान्समध्ये शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने फार पूर्वी शोधून ठेवले होते. 1824 साली तो पॅरिसच्या गोबेलँ येथील प्रख्यात गालिचे व भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख झाला, तेव्हा तेथील काळ्या रंगाविरुद्ध तक्रारी येत होत्या: निळ्या-जांभळ्या धाग्यांशेजारी काळा धागा निस्तेज दिसतो, अर्थात रंग कच्चा असला पाहिजे. त्याने तपास केला, रंगात काही खोट आढळली नाही, आणि दोष शेजाराचा आहे असा निष्कर्ष त्याने काढला. 1839 साली त्याने त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे जोसेफ आल्बर्स या शिक्षकाने रंग कालवून नव्हे, तर रंगीत कागदांचे तुकडे शेजारी ठेवून हाच विषय वर्षानुवर्षे शिकविला आणि 1963 साली तो ग्रंथरूपाने मांडला. कागदाच्या तुकड्यांनीच रंग शिकावा, हे त्याचे म्हणणे मला जेव्हा प्रथम कळले तेव्हा माझ्या टेबलावरच्या घोटीव कागदांच्या कातरणांकडे मी निराळ्याच आदराने पाहू लागलो. शाळेत या प्रयोगास पैचाही खर्च नाही. वर्तमानपत्राच्या एकाच कोऱ्या कडेचे दोन सारखे तुकडे कापावे, एक तांबड्या कागदावर व एक हिरव्या कागदावर ठेवावा, आणि मुलास पाहू द्यावे. तांबड्यावरचा तुकडा हिरवट दिसतो, हिरव्यावरचा किंचित तांबूस. दोन्ही तुकडे एकाच कागदातून डोळ्यांदेखत कापले असूनही मुले ते उचलून, एकावर एक ठेवून, पुन्हा खाली ठेवून खात्री करून घेत.

1 मे 1999 रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला, त्या वर्षीच्या चिकटवहीत साहजिकच नव्या जिल्ह्याचे पान आले. नकाशा हे रंगखंडाचे फार जुने उदाहरण आहे. शेजारी-शेजारी असणाऱ्या दोन मुलखांस एकच रंग द्यावयाचा नाही, एवढा नियम पाळला की हद्दी आपोआप दिसतात. मुलांनी तोच न्याय पानास लावला आणि हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ व सेनगाव या पाच तालुक्यांसाठी तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, गुलाबी असे पाच खंड आखले. पाचही रंग इतक्या जोराने बोलू लागले की औंढ्याच्या मंदिराचे सुंदर छायाचित्र त्यांत कोणास दिसेना. यावर आम्ही काढलेला मार्ग असा होता की चार तालुक्यांस एकाच हिरव्या रंगाच्या चार छटा द्याव्यात, गडदापासून फिकटापर्यंत, आणि आमच्या कळमनुरी तालुक्यास नारिंगी द्यावा, म्हणजे पाहणाऱ्यास आपण कोठे उभे आहोत ते कळेल. त्यावर सेनगावी मामा असलेल्या एका मुलाने उभे राहून विचारले, “सर, आमच्या मामाच्या तालुक्यालाच सगळ्यात फिका रंग का?” त्याची हरकत मला रास्त वाटली. आम्ही रंग बदलला नाही, परंतु त्या फिकट खंडाचे क्षेत्र सर्वांत मोठे केले, आणि छटेने जे कमी पडले होते ते क्षेत्रफळाने भरून निघाले. मुलाचे समाधान झाले. रंगाचे बळ त्याच्या तेजात आणि विस्तारात अशा दोन ठिकाणी असते, व एकातली उणीव दुसऱ्याने पुरी करता येते, हे त्या वर्गास मी निराळे शिकविण्याची गरज उरली नाही.

एक गोष्ट मात्र मी एका विद्यार्थिनीकडूनच शिकलो, आणि ती पुढील सर्व चिकटवह्यांत कायम झाली. ती जवळच्या एका तांड्यावरून येत असे. तिने तांड्यावरील होळीचे पान करावयास घेतले तेव्हा तांबडा, काळा आणि मोहरीसारखा पिवळा असे तीन जबरदस्त रंग निवडले, की जे एकमेकांशेजारी आले असता एकमेकांवर आदळतात; पण तिचे पान पाहिले तर तेथे आदळआपट मुळीच नव्हती. नीट पाहिल्यावर कळले की तिने कोणतेही दोन खंड एकमेकांस भिडू दिले नव्हते. प्रत्येक दोघांच्या मध्ये खालच्या पानाची पांढरी रेघ एक सूत रुंदीची मोकळी सोडली होती. असे का केलेस, म्हणून विचारता ती म्हणाली, “आजीच्या फेटियावर असंच असतंय सर, मधी पांढरं.” बंजारा बायकांच्या फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, रंगीत कापडाच्या तुकड्यांच्या मध्ये पांढऱ्या टाक्यांच्या, कवड्यांच्या आणि आरशांच्या ओळी असतात, हे मी शेकडो वेळा पाहिले होते, त्या ओळींचे रंगाच्या दृष्टीने काय काम आहे ते मात्र त्या मुलीच्या पानावर मला उमगले. तीव्र रंगांच्या मध्ये थोडे तटस्थ क्षेत्र आले की प्रत्येकास आपले पूर्ण तेज राखता येते. तेव्हापासून जेथे दोन बलवान रंग एकत्र आणणे भाग असे, तेथे आम्ही एक सूत पांढरी वाट सोडीत असू, आणि कोनमापीच्या कडेने ती वाट सरळ राखण्याचे काम वर्गातील सर्वांत स्थिर हाताच्या मुलाकडे असे.

कालांतराने साहित्याविषयी मला एक निर्णय घ्यावा लागला. जुन्या वह्या उघडून पाहताना असे दिसले की घोटीव कागदाचे रंग एकसारखे टिकत नाहीत: गुलाबी सर्वांत आधी उडतो, जांभळा राखेकडे झुकतो, तांबडा विटकरी होतो, आणि एक रंग उडाला की ज्या हिश्श्यांवर पानाचा तोल उभारला होता ते हिस्सेच बदलतात. हळदीच्या पानावरील जांभळा काही वर्षांनी इतका उतरला की पिवळा पुन्हा शिरजोर झाला. शिवाय खळ ओली असताना जांभळा पाझरून पांढऱ्या वाटेत उतरत असे, म्हणून मैदा अगदी मंद आचेवर शिजवून, कसर व झुरळ लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद घालून, खळ घट्ट करूनच लावावी लागे, व वर कोरा कागद आणि वजन ठेवून पान रात्रभर दाबून ठेवावे लागे. अशा वेळी अजिंठ्याच्या सहलीचे पान करताना मुलांनी विचारलेला प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला: तेथील तांबडा इतकी शतके कसा राहिला? उत्तर सोपे आहे. तेथील तांबडा व पिवळा हे मातीतून आलेले लोहयुक्त रंग आहेत, काळा काजळाचा आहे, पांढरा खनिज आहे. सूर्यप्रकाश त्यांचे फारसे काही बिघडवू शकत नाही. आणि हे बहुतेक सारे रंग बाळापूरच्या कोणत्याही किराणा दुकानात कागदाच्या पुडीत मिळतात. गेरू, पिवडी, चुना, काजळी, आणि कपड्यांस देण्याची नीळ. त्यामुळे पुढे आम्ही साध्या ड्रॉइंग पेपरावर हेच रंग देऊन आपले कागद आपणच तयार करू लागलो. बाभळीचा डिंक रात्री भिजवून फडक्याने गाळावयाचा, रंगाची पूड पाट्यावर पुन्हा वाटून त्यात कालवावयाची, आणि रुंद ब्रशने एकाच दिशेने दोन हात द्यावयाचे. डिंक कमी पडला तर वाळल्यावर अंगठा फिरवताच रंग अंगठ्यास लागतो. जास्त झाला तर कागद वळताना रंगास तडे जातात. मधले प्रमाण हातालाच कळते, आणि ज्या मुलांना गणितात प्रमाण व समप्रमाण जड जाई त्यांतील काहींना ते येथे चटकन कळत असे.

या कागदांचा रंग दुकानच्या कागदासारखा झळाळत नाही, याची मुलांना आरंभी खंत वाटली. परंतु गेरूच्या मोठ्या खंडावर, चुन्याची पांढरी वाट सोडून, निळीचा लहान तुकडा बसविला की ती निळाई जशी गंभीर दिसते तशी कोणत्याही घोटीव कागदावर दिसत नाही. मंद रंगांच्या सोबतीत छायाचित्रातील माणसांचे चेहरे पुढे येतात. त्यांच्या कातडीचा वर्ण गेरू आणि पिवडी यांच्याच कुळातला असल्यामुळे असेल, खंड आणि चेहरा यांत विसंवाद उत्पन्न होत नाही. माझ्या सेवेच्या अखेरच्या काळातील वह्या बहुतांश या पाच रंगांतच आहेत, आणि त्या मला सर्वांत प्रिय आहेत.

माझ्या जागी आलेले तरुण कलाशिक्षक मला अजूनही बोलावतात, आणि आमचा एक मतभेद आहे. आता छायाचित्रे मोबाईलवर निघतात, गावातच रंगीत छापून मिळतात, आणि त्यांची संख्या व रंगाची तीव्रता पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढली आहे. अशा स्थितीत पान पांढरेच ठेवावे, पांढऱ्याइतका निःपक्षपाती दुसरा रंग नाही, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना सांगतो की पांढरा मोठ्या क्षेत्रात आला की तोही एक रंगखंडच असतो, आणि भडक छायाचित्रांभोवती तो सर्वांत कठोर असतो. उलट पिवडीत थोडी काजळी घालून केलेला खाकी कागद त्या भडकपणास शांत करतो. ते सर्वस्वी मान्य करीत नाहीत, मीही माझे मत सोडलेले नाही. 17 सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची पाने यंदा दोन प्रकारे करावयाची ठरली आहेत: ध्वजवंदनाची छायाचित्रे त्यांच्या पांढऱ्या पानावर, आणि गावातील वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी व जुनी कागदपत्रे माझ्या खाकी आणि गेरूच्या खंडांवर. डिंक भिजत घालण्याचे काम नववीच्या वर्गाने अंगावर घेतले आहे, आणि पिवडीच्या पुड्या मी स्वतः निवडून आणणार आहे, कारण हल्ली तीत पिवळा कृत्रिम रंग मिसळून विकतात आणि तो पाण्यात टाकल्याबरोबर ओळखू येतो.